२१८ चालींचा धनी : नेनाद पेट्रोविच

बुद्धिबळाचा डाव मांडल्यावर पांढऱ्याला पहिली चाल किती प्रकारे खेळता येते? मोजून २०. डाव रंगला की हा आकडा तीस-चाळिसांवर जातो. पण नियमांत बसणाऱ्या एखाद्या स्थितीत तो जास्तीत जास्त किती होईल? या प्रश्नाला १९६४ साली ज्यांनी उत्तर दिले, त्या नेनाद पेट्रोविच यांची कीर्ती डाव जिंकण्याबद्दल नव्हती. ते कूटे रचीत.

त्यांचा जन्म १९०७ साली झाग्रेब येथे झाला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, पुढे युगोस्लाव्हियात आले. आज ते क्रोएशियाची राजधानी आहे. १९५१ पासून १९८१ पर्यंत, तब्बल तीस वर्षे, पेट्रोविच यांनी ‘प्रोब्लेम’ हे केवळ बुद्धिबळातील कूटांना वाहिलेले नियतकालिक संपादिले. (असले नियतकालिक तीस वर्षे चालविणे हेही एक कूटच!) कूटरचनेतील ग्रँडमास्टर हा किताबही त्यांना मिळाला.

आता ती स्थिती पाहू. मोकळ्या पटाच्या मध्यावर एकट्या वजिराला २७ चाली असतात. आठही प्याद्यांचे वजीर केले तर मूळचा धरून नऊ वजीर, म्हणजे २४३ चाली, असा हिशेब कोणी मांडील. पण मध्य एकच; शिवाय वजीर एकमेकांच्या वाटा अडवितात. त्याहून मोठी अडचण काळ्या राजाची. पांढऱ्याची पाळी असताना तो शहात असला तर स्थितीच बेकायदा ठरते, आणि नऊ वजिरांच्या माऱ्यातून त्याला लपवायचे कोठे? पेट्रोविच यांनी त्याला कोपऱ्यात बसविले. पुढे एक प्यादे उभा मारा अडविते, दुसरे तिरका. काळ्याचे एवढे तीनच मोहरे. पांढऱ्याचे मात्र सोळाच्या सोळा पटावर, एकही मेलेला नाही. चाली भरतात २१८.

परंतु २१९ चालींची स्थिती नसेलच कशावरून? एक स्थिती दाखविणे निराळे आणि तिच्यापुढे काही नाही हे सिद्ध करणे निराळे. पटावरील संभाव्य स्थितींची संख्या इतकी अफाट की एकेक तपासणे संगणकालाही शक्य नाही. १९८९ साली पेट्रोविच वारले, तेव्हाही हा प्रश्न उघडाच होता.

त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर संगणकाच्या साहाय्याने सिद्धता मिळाली. प्रत्येक स्थिती न मोजता, २१८ ओलांडणे जेथे अशक्य आहे अशा स्थितींचे गटच्या गट गणिताने बाद करीत ती पुरी झाली. २१९ चालींची स्थिती खऱ्या डावात येऊच शकत नाही, हे त्यातून ठरले.