जोन आणि मिखाएल देवदूत

नाताळच्या पहिल्या रात्री मेंढपाळांना येशूजन्माची वार्ता सांगणारे देवदूत सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु ख्रिस्ती श्रद्धेतील देवदूत केवळ आनंदवार्ताच आणतात असे नाही. लूकच्या शुभवर्तमानात, क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री जैतुनांच्या डोंगरावर प्रार्थना करणाऱ्या येशूपाशी एक देवदूत येतो. तो येशूला बळ देतो. पुढ्यातला दुःखाचा प्याला मात्र दूर करीत नाही. या प्रसंगाचे मर्म जिच्या चरित्रात उतरले, त्या फ्रान्सच्या जोन ऑफ आर्कचे आज आम्ही स्मरण करीत आहोत.

जोनचा जन्म १४१२ च्या सुमारास डोमरेमी या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. तिला अक्षरओळख नव्हती. प्रार्थना तेवढ्या आईने शिकविल्या होत्या. तेराव्या वर्षी, उन्हाळ्यातल्या एका दुपारी, वडिलांच्या बागेत तिला प्रथम वाणी ऐकू आली. ती भ्याली. पुढे तिची खात्री पटली, की हा देवदूतांच्या मेळ्यासह आलेला मिखाएल होय. त्यामागून संत कॅथरिन आणि संत मार्गारेट यांच्याही वाणी तिला ऐकू येऊ लागल्या. पुराणांतील आकाशवाणी जाणणाऱ्या आमच्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही. पण ही वाणी एका खेडवळ मुलीला इंग्रजांविरुद्ध राजाच्या साह्याला धाडीत होती!

पुढचा पराक्रम सर्वश्रुत आहे. मे १४२९ मध्ये ऑर्लेआँचा वेढा उठला आणि १७ जुलैला रीम्स येथे सातव्या चार्ल्सला राज्याभिषेक झाला. आम्हांला मात्र त्यानंतरची जोन अधिक मोठी वाटते.

१४३० च्या ईस्टर सप्ताहात वाणींनी तिला सांगितले, की २४ जूनच्या संत योहानाच्या सणापूर्वी ती शत्रूच्या हाती पडेल. ते तिने शांतपणे स्वीकारावे, देव साहाय्य करील. वेळ कोणती, हे विचारूनही कळले नाही. तरी ती लढत राहिली आणि २३ मे रोजी पकडली गेली. कैदेत असताना वाणींची मनाई मोडून तिने उंच मनोऱ्यावरून उडी टाकली, वाचली, आणि आपला अपराध तिने कबूल केला.

रूआँ येथे बिशप पिएर कोशाँ यांच्यापुढे १४३१ मध्ये तिचा खटला चालला. पायांत बेड्या, पहाऱ्याला इंग्रज शिपाई, आणि पंडितांचे प्रश्न मिखाएलच्या वस्त्रांविषयी व केसांविषयी! वाणी तिला सुटकेचे आश्वासन देत होत्या आणि हौतात्म्याचे भय धरू नकोस असेही सांगत होत्या. हौतात्म्य म्हणजे हा तुरुंगवासच, असा त्या भोळ्या मुलीने अर्थ लावला होता.

२४ मे रोजी चितेच्या भीतीने तिने माघारपत्रावर खूण केली. याला दुर्बलता म्हणणाऱ्यांनी तिचे वय पाहावे; ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती. चारच दिवसांत, वाणींनी आपली कानउघाडणी केली असे सांगून, तिने ती माघार मागे घेतली. याचा परिणाम काय, हे ती जाणून होती.

३० मे रोजी तिला जिवंत जाळण्यात आले आणि राख सीन नदीत टाकण्यात आली. हा निकाल १४५६ मध्ये रद्द झाला आणि १९२० मध्ये तिला संतपद मिळाले. खटल्याच्या फेरचौकशीत त्या दिवशी चितेजवळ असलेल्यांनी साक्षी दिल्या. एका धर्मगुरूने तिच्या विनंतीवरून क्रूस तिच्या दृष्टीसमोर उंच धरला होता, आणि ती येशूचा व मिखाएलचा धावा करीत होती.