गणिती ब्लेझ पास्कल

फ्रान्स देशांतील क्लेर्मों गांवीं १६२३ सालीं ब्लेझ पास्कल याचा जन्म झाला. तो तीन वर्षांचा असतांनाच मातृसुखास अंतरला, व त्याच्या शिक्षणाचा भार पित्यानेंच वाहिला. पुढें पित्यास रूआं येथें करवसुलीच्या कामावर जावें लागलें. तेथील हिशेबांचे कष्ट हलके व्हावेत म्हणून पुत्रानें १६४२ सालीं आंकडेमोडीचें यंत्र करावयास घेतलें. त्या वेळीं त्यास विशीही लागली नव्हती आणि प्रकृति नाजूक होती. तरी सुमारें ५० नमुने करून पाहिल्यावांचून तो थांबला नाहीं.

त्या यंत्रांत एक मोठी अडचण होती. हातचा पुढील चाकास आपोआप मिळे, परंतु चाकें उलट फिरवितां येत नसत. मग वजाबाकी कशी व्हावी? पास्कलनें ती बेरजेकडूनच करविली. ८५२ मधून ३७१ वजा करावयाचे आहेत असें समजा. ८५२ मधील प्रत्येक अंकास नऊ होण्यास जें उणें पडतें तें मांडिलें, कीं १४७ होतात. त्यांत ३७१ मिळविले कीं ५१८. त्यांचीही तशीच उणीव काढिली कीं ४८१, हेंच उत्तर! वाचकांनीं पाटीवर पडताळा पाहावा.

० व १ हे दोनच अंक जाणणारा आजचा संगणकही अशीच युक्ति योजितो. चार घरांत तीन म्हणजे ००११. शून्याच्या जागीं एक व एकाच्या जागीं शून्य मांडून त्यांत १ मिळविला, कीं ११०१ होतात; हेच उणे तीन. ते पांचांत, म्हणजे ०१०१ मध्यें, मिळवून पांचव्या घरांत गेलेला हातचा सोडून दिला, कीं ००१०, म्हणजे दोन, उरतात.

१६५४ सालीं पास्कलनें संख्यांच्या त्रिकोणावर ग्रंथ लिहिला. हाच त्रिकोण आपल्याकडे हलायुधानें दहाव्या शतकांत मेरुप्रस्तार या नांवानें वर्णिला होता. त्याच्या कडांस सर्वत्र १ असतो, व आंतील प्रत्येक संख्या वरच्या दोहोंची बेरीज असते. एखादी संख्या हवी असल्यास वरच्या ओळीस विचारावें, तिनें आपल्या वरचीस विचारावें, आणि कडेचा १ भेटतांच थांबावें. संगणकशास्त्रांत या रीतीस पुनरावर्तन म्हणतात. थांबण्याचें स्थान नेमलेलें नसेल, तर विचारणें कधींच संपणार नाहीं.

यंत्र महाग पडल्यामुळें फारसें खपलें नाहीं, आणि १६६२ सालीं अवघ्या ३९ वर्षांचा असतां पास्कल पॅरिस येथें निवर्तला. तथापि चाक मागें फिरत नाहीं म्हणून त्यानें काम टाकिलें नाहीं. पुढें फिरणाऱ्या चाकाकडूनच तें करून घेतलें. एखादें गणित अडलें असतां आमच्या विद्यार्थ्यांनीं हें स्मरावें, अशी आमची इच्छा आहे.