जात्यावरची गाणी

खानदेशात जळगाव शहराजवळ असोदे नावाचे एक गाव आहे. तेथील महाजनांच्या घराण्यात इ. स. १८८० मध्ये एक कन्या जन्मास आली. तिचे नाव बहिणा. त्या काळी खेड्यातील मुलींना शाळेत पाठविण्याची रीत नव्हती. त्यामुळे बहिणेला अक्षरओळख कधीच झाली नाही. परंतु घरी, शेतात व देवळात जे जे कानी पडे, ते ते तिच्या मनात रुजत असे. जात्यावरच्या ओव्या आणि सणावारांची गाणी हीच तिची पाठशाळा झाली.

वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरी यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ती बहिणाबाई चौधरी झाली. घर शेतकऱ्याचे, कामाला अंत नव्हता. तशातच तिसाव्या वर्षी त्यांच्यावर वैधव्याचा घाला पडला. पदरी तीन लहान मुले होती. त्यांच्यासाठी या माउलीने दुःख गिळले आणि कामाला कंबर कसली. दळताना, कांडताना, शेतात राबताना त्यांच्या ओठांवर आपोआप गाणे येई. ते कोणाचे पाठ केलेले नसे, त्यांचे स्वतःचेच असे. पेरणी, मळणी, विहिरीवरची मोट, सुगरणीचा खोपा, माणसाचे चंचल मन, इतकेच काय, पण नवलाने पाहिलेला छापखाना, या साऱ्यांवर त्यांनी आपल्या खानदेशी बोलीत गाणी रचली. जात्याला त्या बोलीत घरोट म्हणतात. त्या घरोटावरही त्यांचे गाणे आहे.

धाकटा मुलगा सोपानदेव ही गाणी ऐकतच लहानाचा मोठा झाला. कविता म्हणजे काय, हे त्याला कोणी मुद्दाम शिकविले नाही. पिठाबरोबर गाणेही जात्यातूनच बाहेर पडते, असेच जणू त्याला वाटत असावे. पुढे तो शाळेत जाऊ लागला. एके दिवशी त्याने आपल्या पुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा आईला वाचून दाखविली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तो काय! आईने त्या कथेचे गाणे रचले होते. मुलाने शाळेतून घरी आणलेली गोष्ट गाणे होऊन त्याच्याकडे परत आली. सोपानदेव थक्क झाला. असे धन वाऱ्यावर जाऊ देणे योग्य नव्हे, हे त्याने जाणले आणि आईची गाणी तो वहीत उतरवून घेऊ लागला. मावसबंधू पितांबर चौधरी यांनीही या कामी हातभार लावला. तरीही गाणाऱ्या माउलीच्या मागे सदैव लेखणी घेऊन कोण बसणार? पुष्कळ गाणी हवेतच विरून गेली.

सोपानदेव पुढे स्वतः कवी म्हणून प्रसिद्धीस आले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंनी जगाचा निरोप घेतला. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली. अत्रे यांना त्या साध्या वहीत अस्सल सोने आढळले. त्यांनी ही गाणी छापण्याचा आग्रह धरला आणि स्वतः प्रस्तावना लिहिली. इ. स. १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. खानदेशातील एका घरात घुमलेला सूर अवघ्या महाराष्ट्राने ऐकला. १९६१ मध्ये ‘मानिनी’ या चित्रपटातून त्यांची गाणी आणखी कितीतरी घरी पोहोचली.

इ. स. २०१८ मध्ये जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. ज्या माउलीला अक्षरही लिहिता येत नव्हते, तिचा केवढा हा गौरव! आईने काम करता करता मुलाला कविता ऐकविली आणि मुलाने शिकलेल्या चार अक्षरांचा उपयोग ती जपण्यासाठी केला. म्हणूनच जळगावच्या त्या घरातील गाणी आजही महाराष्ट्राच्या ओठांवर आहेत.