विश्लेषण : गाडीतला ‘कधी येतो, कधी जातो’ बिघाड आणि शाळामास्तर ओहम

लोहा, अहमदपूर, चाकूर करत रात्री नांदेडहून लातूरकडे निघालेल्या गाडीचे हेडलाइट मध्येच मंद होतात आणि खड्डा बसला की पुन्हा उजळतात. सकाळी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली, तर सगळे ठीक! मग आधी बॅटरी बदलली जाते, नंतर अल्टरनेटर. पैसे जातात, दोष राहतो आणि अंधारात दिवे जाण्याचा धोकाही राहतो. असा दोष शोधण्याची वाट ज्या नियमातून जाते, तो शाळेच्या पुस्तकातला आणि ‘नीट’ची तयारी करणाऱ्या लातूर-नांदेडच्या मुलांच्या रोजच्या सरावातला आहे. तो मांडणारे जॉर्ज सायमन ओहम यांनाही दोनशे वर्षांपूर्वी अशाच अस्थिर विजेने छळले होते.

ओहम कोण होते?

जर्मनीतील एर्लांगेन या गावी १६ मार्च १७८९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील कुलुपे बनवणारे कारागीर. त्यांचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते, पण स्वतः वाचून ते गणित आणि विज्ञान शिकले आणि मुलांनाही त्यांनीच शिकवले. जॉर्ज दहा वर्षांचे असताना आई वारली. १८०५ मध्ये ते विद्यापीठात गेले. तिथे अभ्यासापेक्षा नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचे स्केटिंग यांतच वेळ जाऊ लागला. वडील संतापले आणि मुलाला विद्यापीठ सोडावे लागले. स्वित्झर्लंडमध्ये गणित शिकवत त्यांनी अभ्यास पुढे चालू ठेवला आणि १८११ मध्ये एर्लांगेनलाच डॉक्टरेट मिळवली. विद्यापीठात कायमची जागा मात्र मिळाली नाही. पोटासाठी शाळामास्तरकीच करावी लागली.

प्रयोगांकडे ते कसे वळले?

१८१७ मध्ये कोलोन शहरातील एका शाळेत त्यांना गणित आणि भौतिकशास्त्र शिकवण्याची नोकरी लागली. या शाळेची प्रयोगशाळा चांगली होती. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी तारेतून वीज गेली की शेजारची चुंबकसुई हलते, हे दाखवले. म्हणजे सुई किती वळते, यावरून विद्युतधारा मोजता येणार होती. तारेची लांबी वाढवली तर धारा किती घटते, हे ओहम यांनी मोजायचे ठरवले. उपकरणे घडवण्यात वडिलांच्या कारखान्यात शिकलेले हातकाम उपयोगी पडले.

पहिला प्रयत्न का फसला?

वीज मिळत होती ती त्या काळच्या रासायनिक बॅटरीतून. तार जोडताच सुई जोरात वळायची आणि मग मागे सरकायची. तार तीच, जोडणी तीच. आकडा मात्र दर वेळी वेगळा. १८२५ मध्ये त्यांनी या मोजमापांवरून एक सूत्र प्रसिद्ध केले, ते चुकीचे निघाले. दोष तारेत नव्हता, वीज पुरवणाऱ्या बॅटरीत होता. पुरवठाच डळमळीत असेल तर तारेबद्दल काहीच खात्रीने सांगता येत नाही.

मग दोष कसा दूर झाला?

भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून ओहम यांनी रासायनिक बॅटरी बाजूला ठेवली. बिस्मथ आणि तांबे या दोन धातूंचे सांधे करून त्यांनी एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. तापमानातील या फरकातून मिळणारी वीज क्षीण होती, पण स्थिर होती. त्यावर त्यांनी सारख्या जाडीच्या ८ तांब्याच्या तारा तपासल्या. सर्वांत आखूड २ इंचांची, सर्वांत लांब १३० इंचांची. आता आकडे जुळले. विभवांतर वाढले की धारा त्याच प्रमाणात वाढते आणि रोध वाढला की घटते, हा नियम त्यातून निघाला. १८२७ मध्ये बर्लिनहून त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्याचे स्वागत कसे झाले?

थंडपणे. या पुस्तकामुळे विद्यापीठाची दारे उघडतील, ही आशा फोल ठरली. १८२८ मध्ये त्यांनी कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षे बर्लिनमध्ये तुटपुंज्या शिकवण्यांवर काढली. १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली. खरी दखल परदेशाने घेतली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यांना कोप्ली पदक दिले. म्युनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद १८५२ मध्ये, वयाच्या ६३व्या वर्षी मिळाले आणि ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले. १८८१ च्या पॅरिसमधील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत रोधाच्या एककासाठी ‘ओहम’ हे नाव अधिकृतपणे स्वीकारण्यात आले.

गाडीच्या वायरिंगशी याचा संबंध काय?

सरळ संबंध आहे. बॉडीला जोडलेल्या अर्थच्या वायरखाली गंज आला, टर्मिनलवर पांढरट थर धरला किंवा कनेक्टरची पिन सैल झाली, की तिथे रोध तयार होतो. उन्हाळ्यातील तापणे, पावसाळ्यातील ओल आणि रस्त्याचे हादरे यांनी तो कमी-जास्त होत राहतो. म्हणून बिघाड येतो आणि जातो. सेल्फ मारताना १५० अँपिअर धारा वाहत असेल आणि सांध्यात ०.०२ ओहम इतकाच रोध असेल, तरी तिथे ३ व्होल्ट खर्ची पडतात. १२ व्होल्टच्या गाडीत ही घट मोठी आहे.

दिवा बंद ठेवून तपासले तर हाच सांधा निर्दोष वाटतो. धारा शून्य, म्हणून विभवांतराची घटही शून्य. मल्टिमीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. बऱ्याचदा फसगत होते ती इथेच.

तपासायचे कसे?

क्रम ओहम यांचाच. आधी पुरवठा पक्का करायचा : बॅटरी चार्ज आहे ना, टर्मिनल साफ आणि घट्ट आहेत ना, हे पाहायचे. मग हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी दिव्याच्या अर्थवर धरायची. आकडा शून्याच्या जवळ असायला हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर रोध त्याच वाटेवर आहे. हीच तपासणी पॉझिटिव्ह बाजूलाही करायची. आकडा ठीक दिसला तरी थांबायचे नाही. दिवा चालूच ठेवून वायरिंग एकेका जागी हलवायचे. आकडा जिथे उडी मारेल, तो सांधा उघडायचा. नवा सुटा भाग घेण्याचा विचार त्यानंतर.