आर्चबिशप विल्यम लॉड

धर्माधिकाऱ्यांनीं राज्यकारभारांत किती शिरावें, हा वाद इंग्लंडांत ज्याच्या प्राणांवर बेतला, त्या विल्यम लॉडचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों. सन १५७३ मध्यें रेडिंग येथें एका कापडवाल्याच्या घरीं तो जन्मला. ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजांत शिकून १६११ सालीं तो तेथीलच मुख्य झाला, आणि १६३३ सालीं कँटरबरीचा आर्चबिशप.

पहिल्या चार्लस राजानें १६२९ पासून अकरा वर्षें पार्लमेंट बोलाविलेंच नाहीं. त्या काळांत लॉड हा राजाचा एक प्रमुख सल्लागार होता. १६३६ सालीं त्यानें लंडनचा बिशप जक्सन यास राज्याचा खजिनदार नेमविलें व त्यांत मोठी धन्यता मानिली. उपासनेंत शिस्त व शोभा असावी, हा त्याचा हेतु आम्हांस मुळींच वाईट वाटत नाहीं. ऑक्सफर्डला त्यानें शेंकडों हस्तलिखितें दिलीं, अरबी भाषेच्या अध्यापनाची सोय केली, हेंही आम्हां शिक्षकांस विसरतां येत नाहीं. परंतु मनें वळविण्याचें काम त्यानें न्यायासनाकडून करवूं पाहिलें. बिशपांविरुद्ध लिहिल्याबद्दल १६३७ सालीं स्टार चेंबर न्यायालयानें विल्यम प्रिन व इतर दोघे यांचे कान कापविले. प्रिनची तर ही दुसरी खेप! लॉडनें तेथें लांबलचक भाषण केलें, मात्र शिक्षेस मत दिलें नाहीं. लोकांनीं हा भेद मानिला नाहीं.

त्याच वर्षीं स्कॉटलंडवर नवें प्रार्थनापुस्तक लादण्यांत आलें. एडिंबरोच्या सेंट जाइल्स देवळांत दंगल उसळली, पुढें युद्ध जुंपलें, आणि पैशासाठीं राजास १६४० त पार्लमेंट बोलवावें लागलें. डिसेंबरांत सुमारें १५,००० लंडनवासीयांनीं बिशपपद समूळ उपटून टाकण्याचा अर्ज केला. लॉडवर त्याच महिन्यांत राजद्रोहाचा आरोप आला. मार्च १६४१ मध्यें तो टॉवरच्या तुरुंगांत पडला. मे महिन्यांत त्याचा मित्र स्ट्रॅफर्ड वधस्थानीं निघाला, तेव्हां खिडकींतून आशीर्वाद देतां देतां म्हातारा लॉड मूर्च्छित झाला.

फेब्रुवारी १६४२ च्या कायद्यानें बिशपांस वरिष्ठ सभेंतून काढण्यांत आलें व मुलकी अधिकारही त्यांस बंद झाले. लॉडचा खटला १६४४ त चालला, आणि त्याच्याविरुद्ध पुरावा जमविणारा होता तोच कान कापलेला प्रिन. कायद्यानें राजद्रोह शाबीत होईना, म्हणून पार्लमेंटनें खास ठराव करून त्यास देहान्तशिक्षा ठरविली. हा न्याय होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. राजाचें माफीपत्र कोणीं जुमानिलें नाहीं. १० जानेवारी १६४५ रोजीं, वयाच्या ७१ व्या वर्षीं, त्याचा शिरच्छेद झाला.

१६६१ सालीं तो कायदा रद्द होऊन बिशप पुन्हां वरिष्ठ सभेंत बसले. दोन वर्षांनीं लॉडचे अवशेषही सेंट जॉन्स कॉलेजच्या चॅपेलांत आणून पुरण्यांत आले.