गिरणगावातील मुलांचे मित्र : ना. म. जोशी

विद्यार्थी मित्रांनो, शाळा सुटल्यावर तुम्ही काय करता? तुमच्यापैकी कोणी मैदानावर जात असेल, कोणी वाचनालयात. कोणाला घरी बिड्या वळायला मदत करावी लागत असेल. ज्या मुलांना खेळायला जागा नाही आणि वाचायला वेळ नाही, त्यांनी काय करावे? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका शिक्षकाने या प्रश्नाचा विचार केला. त्यांचे नाव नारायण मल्हार जोशी.

नारायणरावांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. हा जिल्हा म्हणजेच आजचा रायगड जिल्हा. त्यांचे शिक्षण पुण्यात झाले. पदवी मिळाल्यावर त्यांनी काही वर्षे शाळेत शिकवले. पुढे १९०९ साली ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि आयुष्यभर देशसेवा करण्याचे व्रत त्यांनी घेतले.

नारायणरावांनी मुंबई हे आपले कार्यक्षेत्र निवडले. त्या वेळी मुंबईत कापडाच्या अनेक गिरण्या होत्या. कोकणातून व देशावरून मजूर तेथे येत. उत्तर भारतातून मोमीन विणकरही येत. चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब राही. मग मुलांनी बसायचे कोठे, अभ्यास करायचा कोठे? शिवाय पुष्कळ मुले स्वतःच गिरणीत जात. १८९१ च्या कारखाना कायद्याप्रमाणे नऊ वर्षांच्या मुलालाही रोज सात तास कामाला लावता येत असे.

१९११ साली नारायणरावांनी सोशल सर्व्हिस लीग ही संस्था सुरू केली. सुशिक्षित तरुण या संस्थेचे स्वयंसेवक बनले. संस्थेने मजूर वस्तीत रात्रशाळा आणि मोफत वाचनालये उघडली. दवाखाने आणि व्यायामशाळा चालवल्या. मुलांसाठी क्लब काढले, बालवीर पथके तयार केली. मुलांना मोकळ्या हवेत फिरायला नेले. १९२२ साली परळमध्ये संस्थेचे दामोदर सभागृह उभे राहिले. पुढे अनेक वर्षे कामगारांनी तेथे नाटके केली आणि पाहिली.

पण मित्रांनो, क्लबचे दार उघडे असले तरी कामाने थकलेला मुलगा तेथे कसा येणार? वडिलांची मजुरी अपुरी असेल, तर मुलाला कामावर जावेच लागते. म्हणून नारायणराव केवळ वाचनालये काढून थांबले नाहीत. १९२० साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत ते होते. १९२१ साली ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण मिळावे, असा ठराव त्यांनी त्याच वर्षी मांडला. तसा कायदा होण्यास १९२६ साल उजाडले. दरम्यान १९२२ च्या कायद्याने बारा वर्षांखालील मुलांना कारखान्यात ठेवण्यास बंदी झाली.

प्रत्येक वेळी त्यांना यश मिळाले असे नाही. बाळंतपणात कामगार स्त्रियांना मदत मिळावी म्हणून त्यांनी १९२४ साली विधेयक आणले. ते नामंजूर झाले. मात्र तो विषय मागे पडला नाही. १९२९ साली मुंबई प्रांतात असा कायदा झाला.

३० मे १९५५ रोजी नारायणरावांचे निधन झाले. मुंबईतील लोअर परळच्या एका रस्त्याला त्यांचे नाव दिले आहे.

मुलांनो, आपल्या भंडारा जिल्ह्यातही घरोघरी बिड्या वळून अनेक कुटुंबांनी पोट भरले आहे. चौदा वर्षांखालील मुलांना बिडी कारखान्यात कामाला ठेवू नये, असे १९६६ च्या कायद्याने ठरवले. तरीही शाळेच्या हजेरीत काही नावांपुढे गैरहजेरी लागते. तुमच्या मोहल्ल्यात क्लब सुरू करायचा असेल, तर फार पैसा लागत नाही. एक रिकामी खोली, थोडी पुस्तके, एक चेंडू आणि वेळ देणारा एखादा मोठा माणूस एवढे पुरते. पण क्लब सुरू झाल्यावर जो मुलगा आला नाही, त्याच्या घरी जरूर जा. तो का आला नाही, हे आपुलकीने विचारा. नारायणरावांच्या कामाची खरी ओळख तुम्हांला तेथेच होईल.