परलोकावाचून नीती

ईश्वराचा धाक सुटला की मनुष्य स्वैर होतो, हा आक्षेप बुद्धिवाद्यांवर आजही घेतला जातो. तो घेणाऱ्यांनी गोपाळ गणेश आगरकरांचे चरित्र एकदा डोळ्यांखालून घालावे. कऱ्हाडनजीकच्या टेंभू गावी १८५६ साली दरिद्री घरात ते जन्मले. मोठ्या पगाराची आशा धरू नये, असे आईला कळवून त्यांनी तुटपुंज्या वेतनाची शिक्षकी पत्करली. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. मिल्ल व स्पेन्सर यांच्या वाचनाने ते अज्ञेयवादी बनले. देवता या मानवी कल्पनेतूनच उपजल्या, हे त्यांनी निःसंकोचपणे मांडले. नीतीला आधार हवा तो विवेकाचा आणि मनुष्याच्या ऐहिक सुखाचा, अशी त्यांची धारणा होती. १८८८ मध्ये काढलेल्या ‘सुधारका’तून त्यांनी केशवपनासारख्या क्रूर रूढींवर प्रहार केले. तेव्हा पुण्यातील धर्माभिमान्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. (धर्मरक्षणाची ही तऱ्हा!) स्वर्गाची लालूच नसलेला हा गृहस्थ मात्र ढळला नाही. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळीत असतानाच, १७ जून १८९५ रोजी, दम्याने जर्जर झालेल्या आगरकरांचे निधन झाले. स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवले होते.